डबल क्लच आणि रात्रीची डाक

गॅरेजमधल्या लाकडी बाकावर मिस्त्रीनं ट्रकचा गिअरबॉक्स उघडून ठेवला होता. डिझेलमध्ये धुतलेली एक पितळी रिंग त्यानं माझ्या तळहातावर ठेवली. बांगडीहून मोठी, बाहेरच्या कडेला टोकदार बारीक दात आणि आतला भाग किंचित निमुळता. "आतून नख फिरवून पाहा, सर," तो म्हणाला. मी फिरवलं, काही लागलं नाही. मग त्यानं नवी रिंग दिली. तिच्या आतल्या अंगाला जुन्या ग्रामोफोनच्या तबकडीवर असतात तशा केसाएवढ्या बारीक खाचा नखाला लागल्या. "ह्या घासल्या का गिअर ओरडते," तो म्हणाला आणि पुन्हा कामाला लागला.

लाखनीत राहणाऱ्याला गिअरचा आवाज ओळखता येतो. आमच्या गावाला रेल्वे नाही. भंडारा ओलांडून साकोलीकडे जाणारा मुंबई-कोलकाता महामार्ग हीच आमची गंगा. आधी त्याला सहा नंबरचा रस्ता म्हणायचे, आता कागदोपत्री तो ५३ नंबरचा झाला आणि गावावरून उड्डाणपूलही गेला. पण रात्री दोनला जाग आली की ट्रक चढावर लागल्याचा, ड्रायव्हरनं गिअर उतरवल्याचा आवाज अजून तसाच येतो. आणि हा गिअरबॉक्स आमच्यासाठी परका नाही. लाखनीच्या शेजारी गडेगावला अशोक लेलँडचा कारखाना आहे. १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला तो आला आणि तिथं गिअरबॉक्स तयार होतात. आमच्या भागात कित्येक घरांत कोणी ना कोणी त्या कारखान्यात काम केलेलं सापडतं. आम्ही धान पिकवतो तसे गिअरही करतो, असं मी वर्गातल्या मुलांना अभिमानानं सांगतो.

ही मुलं मला नेहमी विचारतात, सर, जगातली सगळ्यात भारी गाडी कोणती? सगळ्यात भारी विमान कोणतं? त्यांच्या मोबाइलमध्ये उत्तरं तयार असतात. गाड्यांत फेरारी, लॅम्बोर्गिनी. विमानांत कॉन्कॉर्ड, राफेल. मला त्या यंत्रांबद्दल आदर आहे. कॉन्कॉर्ड आवाजाच्या दुप्पट वेगानं प्रवासी न्यायचं, ही माणसाच्या बुद्धीची कमालच. पण कॉन्कॉर्ड एकूण २० बांधली गेली, त्यांतली १४ प्रवाशांना घेऊन उडाली आणि १९७६ ते २००३ एवढ्यात त्यांचा संसार आटोपला. माझी यादी वेगळी आहे. ज्या यंत्रानं रोज, रात्रीबेरात्री, खराब रस्त्यावर आणि खराब हवेत काम केलं, ज्याच्यामुळे आमच्यासारख्या गावाचं जगाशी असलेलं अंतर कमी झालं, ते यंत्र मी वर ठेवतो. ह्या हिशोबानं माझ्या यादीत पहिलं विमान डकोटा आहे आणि पहिली गाडी फियाट. दोघांच्या मागे एकच मराठी मुलखातला माणूस उभा आहे, हे मला फार उशिरा कळलं.

आधी ती रिंग, कारण तिच्याशिवाय पुढचं नीट समजणार नाही.

इंजिन एका ठरावीक वेगाच्या पट्ट्यातच चांगलं ओढतं. चाकांना मात्र कधी हळू पण जोरात फिरायचं असतं, कधी भरभर. मधला हिशोब जुळवतो तो गिअरबॉक्स. आत दात्यांच्या चाकांच्या जोड्या कायम एकमेकांत अडकून फिरत असतात. आपण दांडा ओढतो तेव्हा नवं चाक येत नाही; फिरत असलेल्यांपैकी एक जोडी शाफ्टला पक्की अडकवली जाते. अडकवताना दोन्हींचा वेग सारखा नसेल तर दात दातांवर आपटतात. जुन्या ट्रकमध्ये हा वेग जुळवण्याचं काम ड्रायव्हरच्या पायांवर होतं. खालचा गिअर टाकायचा तर क्लच दाबा, गिअर न्यूट्रलला आणा, क्लच सोडा, ॲक्सिलेटरला हलकी टिचकी द्या म्हणजे आतली चाकं वेग धरतील, पुन्हा क्लच दाबा आणि मग गिअर टाका. हाच डबल क्लच. एका गिअरला दोनदा पाय. भंडाऱ्याहून रायपूरपर्यंत एका रात्रीत हे किती वेळा होत असेल, ह्याचा विचार केला म्हणजे जुन्या ड्रायव्हरांची डावी मांडी का दुखायची ते कळतं. साकोलीच्या अलीकडे मोहघाट्याच्या जंगलात चढावर गिअर चुकला आणि गाडी न्यूट्रलमध्ये राहिली की मागे येणाऱ्यांचं काही खरं नसायचं.

पितळी रिंगेनं हे काम स्वतःकडे घेतलं. दांडा सरकला की आधी रिंगेचा निमुळता भाग चाकाच्या निमुळत्या भागावर दाबला जातो. बारीक खाचा मधलं तेल कापून बाजूला सारतात, घर्षण लागतं आणि क्षणार्धात दोघांचा वेग एक होतो. तो एक होईपर्यंत रिंगेचे टोकदार दात दांड्याला पुढे जाऊच देत नाहीत. वेग जुळला की वाट आपोआप मोकळी होते. ह्याला सिंक्रोमेश म्हणतात. खाचा झिजल्या की तेल कापलं जात नाही, वेग जुळत नाही आणि मिस्त्रीच्या भाषेत गिअर ओरडतो.

आता फियाट.

माझ्या लहानपणी आमच्या भागात मोटार म्हणजे दोनच, ॲम्बेसेडर आणि फियाट. पुढाऱ्याची ॲम्बेसेडर, डॉक्टरची फियाट. डॉक्टरची गाडी दारात उभी राहिली की आम्ही पोरं खिडकीला नाक लावून आत बघायचो. गिअरचा दांडा खाली नव्हताच. तो स्टिअरिंगच्या खांबावर डाव्या बाजूला, चमच्यासारखा. त्यामुळे पुढे बाकासारखी सलग सीट आणि तिच्यावर तिघं आरामात. जुन्या फियाटमध्ये सिंक्रोमेश वरच्या तीन गिअरना होता, पहिल्याला नव्हता. म्हणून गाडी चालू असताना पहिला गिअर टाकायचा तर ट्रकवाल्याचीच युक्ती करावी लागायची. डॉक्टर कंपाउंडरला ते शिकवत असल्याचं मी पाहिलं आहे. लाखनीच्या बाजाराच्या दिवशी गर्दीतून गाडी काढताना कंपाउंडरचा पाय थरथरत होता आणि डॉक्टर शांतपणे म्हणत होते, "घाई करू नको, आवाज ऐक."

ही गाडी मुंबईत कुर्ल्याला बनायची. प्रीमियर ऑटोमोबाइल्स ही कंपनी १९४४ मध्ये वालचंद हिराचंदांनी उभी केली. वालचंद सोलापूरचे, जन्म १८८२ चा. रेल्वेची कंत्राटं घेता घेता त्यांनी सिंदिया ही जहाज कंपनी काढली, इंदापूर तालुक्यात माळरानावर साखर कारखाना आणि वालचंदनगर वसवलं. मोटारींचा ध्यास त्यांनी युद्धाच्या आधीच घेतला होता. १९३९ मध्ये ते त्याच बोलण्यांसाठी अमेरिकेला गेले. इंग्रज सरकारला हिंदुस्थानात मोटार कारखाना नको होता. युद्धाच्या काळातही तो गरजेचा उद्योग मानायला सरकार तयार झालं नाही. आणि मोटारीच्या कामावरून परतताना विमानात त्यांची गाठ पडली विल्यम पॉली ह्या अमेरिकन गृहस्थाशी, जो चीनमध्ये विमानांचा कारखाना चालवत होता. वालचंदांनी तिथंच विचार केला, मोटार होऊ देत नाहीत तर विमानं का करू नयेत?

पुढे म्हैसूर संस्थानानं जमीन दिली, भांडवलात वाटा घेतला आणि डिसेंबर १९४० मध्ये बंगळूरला हिंदुस्थान एअरक्राफ्ट कंपनी सुरू झाली. १९४१ मध्ये तिथं जोडलेलं पहिलं हार्लो जातीचं शिकाऊ विमान उडालं. आज आपण जिला एचएएल म्हणतो ती हीच. जपान युद्धात उतरल्यावर सरकारनं १९४२ मध्ये कारखाना ताब्यात घेतला आणि पुढे अमेरिकन हवाई दलानं तिथं आपल्या विमानांची दुरुस्ती मांडली. त्या विमानांत डकोटा होती. म्हणजे मोटार करायला निघालेल्या सोलापूरच्या माणसानं आधी विमानांची शाळा काढली आणि ह्या देशातल्या कारागिरांचा हात डकोटावर बसला तो तिथं.

मोटार मिळाली ती नंतर. १९४७ पासून कुर्ल्यात आधी क्रायसलर कंपनीच्या डॉज, प्लिमथ जोडल्या जाऊ लागल्या. १९५३ मध्ये सरकारनं ठरवलं की ज्यांना इथं सुटे भाग बनवायचे नाहीत, फक्त आणून जोडायचे आहेत, त्यांना जागा नाही. फोर्ड आणि जनरल मोटर्स निघून गेले. प्रीमियर टिकली. १९५४ पासून तिनं इटलीच्या फियाट ११०० ला हात घातला. पहिल्या गोल पाठीच्या गाडीला मुंबईकरांनी 'डुक्कर फियाट' हे नाव दिलं. नाव तिच्या पाठीवरून पडलं, पण लोक ते मायेनं घ्यायचे. पुढे पाठ चौकोनी झाली, नावं बदलत गेली आणि १९७४ मध्ये ती प्रीमियर पद्मिनी झाली.

तिची यंत्ररचना साधी होती, आणि तेच तिचं मोठेपण. १०८९ सीसीचं चार सिलिंडरचं इंजिन, ताकद साधारण चाळीस अश्वशक्तीची. बॉनेट उघडलं की प्रत्येक भागाला हात पोचतो. कार्ब्युरेटर, डिस्ट्रिब्युटर, डायनॅमो, सगळं समोर. गावचा मिस्त्री एक पाना आणि स्क्रू ड्रायव्हर घेऊन तिला रस्त्याला लावू शकायचा. पुढच्या चाकांना स्वतंत्र स्प्रिंग, मागे पात्यांचे पट्टे. ॲम्बेसेडरपेक्षा आखूड आणि हलकी, म्हणून मुंबईच्या गल्ल्यांत टॅक्सीवाल्यांनी तीच पसंत केली. तिच्यासाठी लोकांनी वर्षानुवर्षं नंबर लावून वाट पाहिली, हे मात्र मी तिच्या खात्यावर जमा करत नाही. ती वाट धोरणांनी पाहायला लावली. स्पर्धा नसल्यानं गाडी कित्येक वर्षं जवळपास तशीच राहिली, हा तोटाच होता आणि १९८३ मध्ये मारुती आल्यावर तो दिसून आला. नव्या शतकाच्या तोंडावर कुर्ल्यातलं तिचं उत्पादन थांबलं. मुंबईत टॅक्सी म्हणून नोंदलेली शेवटची पद्मिनी ऑक्टोबर २००३ ची. टॅक्सीला वीस वर्षांची मर्यादा, त्यामुळे ऑक्टोबर २०२३ च्या शेवटी तिचा टॅक्सीचा जन्म संपला. त्या दिवशी मी माझ्या वर्गात तिचा फोटो लावला होता.

आमच्याकडची टॅक्सी वेगळी. भंडारा, लाखनी, साकोली ह्या पट्ट्यात काळी-पिवळी म्हणजे ट्रॅक्स किंवा जीप. आत दहा, मागे चार, कधी फाटकावर दोन लटकलेले. सुरक्षिततेच्या दृष्टीनं ते वाईटच आणि अपघातही झाले. पण बाळंतिणीला रात्री भंडाऱ्याला नेणारी तीच होती. आता एक गोष्ट सांगतो जी ऐकून माझ्या वर्गातली पोरं नेहमी हसू लागतात आणि मग गप्प होतात. पुण्याच्या आकुर्डीत बजाज टेम्पोनं बनवलेल्या त्या ट्रॅक्सच्या पोटात जे डिझेल इंजिन होतं ते मर्सिडीज-बेंझच्या परवान्यानं बनलेलं होतं, ओएम ६१६ नावाचं. जर्मनीत हेच इंजिन २४० डी ह्या मर्सिडीजमध्ये बसायचं आणि ती गाडी तिथं टॅक्सी म्हणूनच नावाजलेली. म्हणजे साकोलीच्या फाट्यावर पंधरा माणसं घेऊन उभी असलेली ती धुळकट गाडी मनानं मर्सिडीज होती. ते इंजिन वेगाचं नव्हतं. लाखो किलोमीटर न थकता चालणं हाच त्याचा गुण, आणि तो दोन्ही देशांतल्या टॅक्सीवाल्यांनी एकाच कारणासाठी ओळखला.

आता विमानांकडे, म्हणजे डकोटाकडे वळतो, कारण माझं मन तिथं जास्त रमतं.

१९३१ मध्ये अमेरिकेत एका प्रवासी विमानाचा लाकडी पंख हवेत तुटला. आत ओल शिरून जोडाचा गोंद सुटला होता. ह्या अपघातानंतर लाकडी पंखांवरचा विश्वास उडाला आणि एका प्रवासी कंपनीनं विमानं बांधणाऱ्या डग्लस कंपनीला संपूर्ण धातूचं विमान करायला सांगितलं. अट अशी की उड्डाण घेताना एक इंजिन बंद पडलं तरी विमान वर चढलं पाहिजे. पहिला नमुना, डीसी-१, १९३३ मध्ये उडाला. चाचणीत वैमानिकानं अ‍ॅरिझोनातल्या उंचावरच्या विन्स्लो इथून उड्डाण घेतानाच एक इंजिन बंद केलं आणि उरलेल्या एकावर विमान अल्बुकर्कीपर्यंत नेलं. त्याच घराण्यातलं डीसी-३ हे १७ डिसेंबर १९३५ ला पहिल्यांदा उडालं. तेव्हा त्याचं काम होतं रात्रीच्या प्रवाशांना झोपवून नेणं. आत रेल्वेसारख्या बर्थ होत्या. रात्रीसाठी जन्मलेलं विमान. हे लक्षात ठेवा.

डीसी-३ मोठं का? त्याचा पंख एका खांबावर उभा नव्हता. आत मधाच्या पोळ्यासारखे अनेक कप्पे, आणि बाहेरची ॲल्युमिनियमची कातडीच भार वाटून घेणारी. एका ठिकाणी चीर पडली तरी बाकीचे कप्पे सांभाळून घ्यायचे. चाकं पोटात ओढली जायची, पण पूर्ण नाही. अर्धी बाहेर राहायची, म्हणजे चाकं न उघडता उतरावं लागलं तरी पोट घासलं जाऊ नये. पंख्याची पाती हवेत असताना वळवता यायची, म्हणजे उड्डाणाला एक कोन आणि प्रवासाला दुसरा. मला विचाराल तर तो विमानाचा गिअरच. आणि २१ प्रवासी नेऊन, टपालाच्या अनुदानाशिवाय, फक्त तिकिटांवर पैसा सुटेल असं ते पहिलं विमान. युद्धात त्याचंच लष्करी रूप हजारोंनी बनलं, इंग्रजांनी त्याला डकोटा नाव दिलं. रशिया आणि जपाननं परवान्यानं बनवलेली धरली तर एकूण आकडा १६ हजारांच्या वर जातो.

युद्ध संपलं तेव्हा जास्तीची डकोटा भारतात स्वस्तात विकायला निघाली. बंगळूरला वालचंदांच्या त्याच कारखान्यात कितीतरी विमानांची लष्करी हाडं काढून प्रवासी खुर्च्या बसवल्या गेल्या. २७ ऑक्टोबर १९४७ ला श्रीनगरला पहिली तुकडी उतरवली ती डकोटांनी. मेहर सिंग ह्यांनी मे १९४८ मध्ये लेहला, साडेअकरा हजार फुटांवर, कच्च्या पट्टीवर डकोटा उतरवलं. हिमालयावरून उडायला ते बनलंच नव्हतं.

पण माझ्यासाठी डकोटाची खरी कथा नागपूरची आहे.

देशाचा नकाशा घ्या. दिल्ली, मुंबई, कलकत्ता, मद्रास ही चार टोकं. त्यांच्या मध्ये नागपूर. दळणवळण मंत्री रफी अहमद किदवई ह्यांनी एक कल्पना उचलून धरली. दिवसभर पत्रं गोळा होतात, रात्रभर ती रेल्वेच्या डब्यात असतात. मग विमानं रात्रीच का उडवू नयेत? ३० जानेवारी १९४९ ला रात्रीची हवाई डाक सुरू झाली. चारही शहरांतून संध्याकाळनंतर एकेक विमान निघायचं आणि मध्यरात्रीनंतर सगळी नागपूरच्या सोनेगाव विमानतळावर एकत्र यायची. डकोटाचा वेग ताशी अडीचशे किलोमीटरच्या आसपास, म्हणजे कलकत्त्याहून साधारण चार तास, मुंबईहून अडीच-तीन. निघायच्या वेळा अशा ठेवलेल्या की सगळी जवळपास एकाच सुमारास उतरावीत. मग धावपट्टीच्या शेजारी, दिव्यांच्या उजेडात, टपालाच्या पिशव्यांची अदलाबदल. दिल्लीची पिशवी मद्रासच्या विमानात, कलकत्त्याची मुंबईच्या. पहाटेपर्यंत चारही शहरांत दुसऱ्या तिन्ही शहरांचं टपाल पोचलेलं. १ एप्रिल १९४९ पासून तर साधी पत्रंही जादा आकार न घेता विमानानं जाऊ लागली. गरिबाचं पत्र आणि कंपनीचं पत्र एकाच विमानात. ही मला त्या योजनेतली सगळ्यात थोर गोष्ट वाटते.

हे सगळं आजच्यासारख्या संगणकाच्या मदतीनं होत नव्हतं. जमिनीवरचे रेडिओ दिशादर्शक, होकायंत्र, घड्याळ आणि वैमानिकाचे डोळे. पावसाळ्यात ढगांतून. खालून काळोख, कारण १९४९ मध्ये ह्या मुलखात दिवे कुठे होते? १२ डिसेंबर १९५३ च्या रात्री नागपूरहून मद्रासकडे निघालेलं टपालाचं डकोटा उड्डाणानंतर लगेच कोसळलं आणि १३ जण गेले. त्यानंतरही डाक चालू राहिली. सुरुवातीला खाजगी कंपन्यांनी, १९५३ पासून इंडियन एअरलाइन्सनं. पुढे डकोटाच्या जागी मोठी स्कायमास्टर आली, नंतर व्हायकाउंट, आणि १९७० च्या दशकात ही व्यवस्था बंद झाली.

आता आमच्या लाखनीचा भाग. एका रविवारी मी वर्गातल्या मुलांना नकाशावर पट्टी ठेवून कलकत्ता ते नागपूर सरळ रेष काढायला सांगितली. रेष भंडारा जिल्ह्यावरून आली आणि लाखनीच्या उत्तरेकडून, पंधरा-एक किलोमीटरवरून गेली. विमानं अगदी सरळ रेषेतच जात असतील असं नाही. पण साधारण त्याच वाटेवर, रोज मध्यरात्रीनंतर, दोन इंजिनांचं एक विमान पूर्वेकडून यायचं आणि नागपूरला उतरायला खाली येऊ लागायचं. आमच्या गावातल्या म्हाताऱ्या लोकांना मी विचारत आलो आहे. रात्रीच्या विमानाची आठवण अनेकांना आहे. एका आजीनं सांगितलं, "विमान गेलं का आम्ही बैलाला चारा टाकायला उठत होतो." तिला ते टपालाचं विमान आहे हे माहीत नव्हतं. तिचं ते घड्याळ होतं.

भारतातल्या विमानांबद्दल बोलताना मुलं एक नाव नक्की घेतात, शिवकर बापूजी तळपदे. १८९५ मध्ये त्यांनी चौपाटीवर विमान उडवलं असं सांगितलं जातं. मी ह्या बाबतीत स्पष्ट बोलतो. त्या काळातला खात्रीलायक पुरावा नाही. ज्या वैमानिक शास्त्राचा आधार दिला जातो तो ग्रंथ तळपदेंच्या नंतर, विसाव्या शतकात लिहिला गेला, आणि १९७४ मध्ये बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेतल्या अभ्यासकांनी त्यातल्या आकृत्या तपासून ही यंत्रं उडूच शकत नाहीत असं दाखवलं. तळपदेंना संस्कृत आणि यंत्रं दोन्हीची आवड होती, ह्याबद्दल मला आदर आहे. पण मुलांना त्यांचं नाव माहीत असावं आणि विष्णु माधव घाटगे हे नाव ऐकलेलंच नसावं, ह्याचं मला मनापासून दुःख होतं.

घाटगे कोल्हापूर जिल्ह्यातल्या गडहिंग्लजकडचे. १९३० च्या दशकात ते जर्मनीत ग्योटिंगेनला लुडविग प्रांटल ह्यांच्याकडे शिकले. पंखाच्या पृष्ठभागाला चिकटून वाहणारा हवेचा पातळ थर, म्हणजे सीमास्तर, ही कल्पना प्रांटलची. विमानविद्येच्या पुढच्या सगळ्या गणिताचा पाया तीच. अशा गुरूकडून डॉक्टरेट घेऊन घाटगे परतले आणि बंगळूरला वालचंदांनी काढलेल्या त्याच कारखान्यात रुजू झाले. तिथं त्यांच्या नेतृत्वाखाली एचटी-२ हे शिकाऊ विमान तयार झालं आणि ऑगस्ट १९५१ मध्ये ते उडालं. भारतात आखलेलं आणि भारतात बांधलेलं पहिलं इंजिनाचं विमान. १५५ अश्वशक्तीचं इंजिन, पुढेमागे दोन जागा, सगळं धातूचं. अशी दीडशेहून जास्त विमानं बनली. हवाई दलाच्या कित्येक पिढ्या त्यात उडायला शिकल्या आणि घानानंही काही विकत घेतली.

शिकाऊ विमान बांधणं लढाऊ विमानापेक्षा सोपं, असं समजू नका. लढाऊ विमानाचा वैमानिक तयार असतो. शिकाऊ विमानात बसणारा मुलगा चुकणार हे गृहीत धरून ते बांधावं लागतं. पंखाला वर उचलणारी शक्ती हवा त्यावरून गुळगुळीत वाहते तोवरच मिळते. नाक फार वर केलं, वेग कमी झाला की प्रांटलचा तो पातळ थर पंखापासून सुटतो, हवा गोंधळते आणि विमान खाली बसतं. ह्याला स्टॉल म्हणतात. चांगल्या शिकाऊ विमानानं हे होण्याआधी थरथरून सांगितलं पाहिजे, नाक सरळ खाली टाकलं पाहिजे आणि दांडा पुढे केला की सावरलं पाहिजे. पण फार भोळंही नको, नाहीतर मुलगा काही शिकणार नाही. डॉक्टर कंपाउंडरला म्हणाले होते ना, आवाज ऐक. तसंच.

गोंदियाजवळ बिरसीला विमानतळ आहे, मूळ पट्टी युद्धकाळात इंग्रजांनी केलेली. तिथं आता वैमानिक तयार करणारी संस्था आहे आणि तिची छोटी पांढरी डायमंड विमानं कधीमधी आमच्या आकाशातही दिसतात. ही धातूची नाहीत. ग्लायडर बनवणाऱ्यांच्या हातची, धाग्यांच्या आणि राळेच्या थरांची. गेल्या रोवणीत मी गोंदियाकडे नातेवाइकांच्या शेतावर होतो. बांधीत घोट्याएवढं पाणी, बाया ओळीनं रोप लावत होत्या. वर एक पांढरं विमान घुमत होतं. एकाएकी त्याचा आवाज मंदावला. नाक वर, वर, आणि मग विमान जणू हवेत थबकलं. बायांनी हात थांबवले. "बंद पडलं, पोरी!" एक जण ओरडली. मी सांगितलं, घाबरू नका, मास्तर मुद्दाम करायला लावतो. नाक खाली गेलं, पंख थोडा हलला, सरळ झाला. पुन्हा आवाज आला. मग ते विमान वर चढलं, पुन्हा तेवढ्याच उंचीवर, आणि पुन्हा आवाज मंद झाला. ह्या वेळी बायांनी वर पाहिलं, हसल्या, आणि पुढचं रोप चिखलात रोवलं.